चार आण्यांचा आवाज

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही पण कान टवकारल्यावाचून राहवत नाही अशा तमाम मंडळींस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की माणसाचा कान न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवण्याच्या लायकीचा नाही. त्याला आधी पेढा चारला तर तो मागाहून आलेल्या भाकरीला कडू म्हणतो. ओळखीच्याला सूट देतो, परक्याला दंड करतो, आणि निकाल मात्र असा ठणकावतो की जणू तराजू हातात धरूनच जन्माला आला होता.

ही घोषणा मी माझ्या अधिकारात करत नाही. मला अधिकार असे कधी मिळालेच नाहीत. ही घोषणा वेणूबाईंच्या अधिकारात आहे.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोलीचं सगळं रान त्याच जिल्ह्यात मोडायचं. ब्रह्मपुरीहून वैनगंगेच्या अंगाला निघालं की धानाच्या बांध्या जिथे संपतात आणि साग-बांबूचं जंगल सुरू होतं, तिथे आमचं गाव. गावात एक तलाव, एक धानाची गिरणी, एक प्राथमिक शाळा आणि एक नाटक मंडळ. शाळेत वेणूबाई मुख्य आणि मी दुय्यम. मंडळात मी प्रॉम्प्टर, म्हणजे तिथेही दुय्यमच. दोन्हीकडे माझं काम एकच होतं: दुसऱ्याचा आवाज बंद पडणार नाही एवढं पाहणं.

बाई मूळच्या वरोऱ्याकडच्या. बुटक्या, काटक, नऊवारी पातळ, पायात पुरुषी वहाणा. विधवा बाई एकटी जंगलपट्टीत शिकवायला येते याचं गावाला पहिलं वर्षभर नवल वाटलं. दुसऱ्या वर्षी गाव बाईंना घाबरायला लागलं आणि नवल मागे पडलं. वर्गात शिरल्या की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे: "पाट्या खाली. बोट ओठावर." सगळ्या वर्गाची बोटं ओठांवर जात. माझंही एकदा गेलं होतं.

मग त्यांच्या गळ्याला गाठ आली. नागपूरला जाऊन त्यांनी ती काढून घेतली. गाठ आवाजाच्या शिरेलाच बिलगून बसली होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचवतो, आवाजाचं जमेल तसं पाहू. जीव वाचला. आवाजाचं जमलं नाही.

बाई परत आल्या आणि गाव त्यांचा नवा आवाज ऐकायला लोटलं. सुतार म्हणाला, "ओल्या सागात करवत अडकली." गिरणीवाला म्हणाला, "पट्टा घसरून राह्यला." फॉरेस्टचा गार्ड म्हणाला, "भेकर हाय हुबेहूब." वैद्यांना त्यात कफ ऐकू आला. आमच्या नाटक मंडळाचे चालक दौलतभाऊ, ज्यांची हयात पेटीपुढे गेली होती, ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "भाता फाटला. सूर हाय, पन हवा जास्त सुटते." जो तो बाईंच्या गळ्याबद्दल बोलत होता आणि सांगत होता स्वतःच्या धंद्याबद्दल.

गंमत अशी, की बाईंचा आधीचा आवाज कसा होता हे कोणालाच आठवेना. धड आवाजाचं नशीबच तसं. तो कोणी ऐकत नाही, त्यातलं बोलणं तेवढं ऐकतात. आवाज बिघडला की मग सगळं गाव आवाज ऐकतं आणि बोलणं राहून जातं. बाईंनी मला पाणी आणायला सांगितलं तेव्हा मी "अगदी वाऱ्यासारखा आवाज झालाय" असं मनाशी म्हणत उभा राहिलो. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा स्वतः उठल्या.

पोरांचं मात्र निराळंच झालं. बाई परतल्या त्या आठवड्यात दुसरीच्या वर्गाला पावसाची कविता होती. बाईंनी ती त्यांच्या नव्या आवाजात म्हटली. पोरांना वाटलं ही कविता अशीच म्हणायची असते. घरोघरी पोरं घोगऱ्या, फुसफुसत्या आवाजात पाऊस पाडू लागली. आयाबाया हबकल्या. गळ्याची साथ आली अशी आवई उठली, वैद्यांनी मिठाच्या गुळण्या सांगितल्या आणि चार दिवस सकाळी प्रत्येक अंगणातून गुळगुळ ऐकू यायची. बाईंना हे कळलं तेव्हा त्या खूप हसल्या. त्यांचं हसणंही आता नुसतं हवेचं झालं होतं, खांदे हलायचे तेवढेच. मग म्हणाल्या, "मास्तर, पोरांना तक्रार नाही. मग तक्रार कोणाची आहे?"

त्या हटून कामाला लागल्या. रोज दिवस कलता कलता त्या तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन उभ्या राहत. समोरच्या पाळीवर बिजाभाऊ गावाची गुरं चारत असे. बिजाभाऊ पलीकडच्या रानातल्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा, घरी गोंडी बोलणारा, मराठी कामापुरतं. बाईंनी त्याच्याशी करार केला. त्या अलीकडून एका गायीचं नाव घेणार, आणि त्याला कळलं तर त्याने तीच गाय पुढे हाकलायची.

पहिले काही दिवस मी तो खेळ पाळीवर बसून पाहिला. बाई गळ्याच्या शिरा ताणून ओरडत, "कपिली!" पलीकडे मोरी पुढे येई. "मोरी!" बिजाभाऊ कपाळावर हात धरून नुसता पाहत राही. "लाली!" एक म्हैस निघे, तिला तर कोणी बोलावलंच नव्हतं. एकदा बाई ओरडून ओरडून धापा टाकत खाली बसल्या, तेव्हा मी म्हणालो, "बाई, असू द्या आता." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी बोट ओठावर न्यायचाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओरडणं सोडलं. आवाज खाली आणला. श्वास घेतला, शब्द सावकाश सोडला, प्रत्येक अक्षराला त्याची जागा दिली. समोरून कपिली निघाली. पुढे पुढे तर लाल गाय बिजाभाऊची काठी उठायच्या आत स्वतःच चालू लागे. बिजाभाऊ पाळीला वळसा घालून आला आणि बाईंना म्हणाला, "पयले तुमी वरडत होत्या तं मले कायच नाई समजे जी. आता हळू बोलता तं गाय बी समजते."

तेव्हापासून बाईंचं बोलणं बदललं. "माझ्या श्वासात पाच शब्द मावतात," त्या म्हणत, "सहावा फुकट जातो." सहावा शब्द त्यांनी टाकूनच दिला. वर्गातल्या रांगा मोडून पोरं भोवती अर्धगोल बसवली. गिरणीकडची खिडकी बंद झाली. कोणी सहानुभूतीने ज्येष्ठमध आणून दिलं तर त्या ते माझ्या खिशात टाकत. त्यांच्या गालात कायम हिरड्याचा तुकडा असे, आणि "याने आवाज सुधारतो का हो बाई?" असं विचारलं तर सांगत, "नाही. तोंड बंद राहतं."

आता आमच्या नाटक मंडळाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

धान निघालं, खळी रिकामी झाली की दरवर्षी नाटक. पण पात्रं ठरण्याआधी 'आवाज पाहणं' व्हायचं. मुलगी पाहतात तसंच, फक्त इथे पाहायला बंदी. पंच खळ्यावर तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाकडे तोंड करून बसत. त्यांच्या पाठीमागे बांबूचा तट्टा उभा, आणि तट्ट्याआडून एकेक जण बोलून जाई. हे दौलतभाऊंच्या आज्याने सुरू केलं होतं, कारण त्याच्या काळी प्रत्येक पाटलाच्या पोराला राजाच व्हायचं असे आणि तोंड पाहून नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. पंच आवाजाची किंमत आण्यांत सांगत. सोळा आणे म्हणजे राजा. बारा आणे प्रधान. आठ आण्यांना भालदार. चार आण्यांना पडदा ओढायचं काम.

ही रीत फार न्यायाची आहे असं आम्हाला वाटायचं. मग एका साली गिरणीवाला चुकून रांगेत दोनदा उभा राहिला. आपण एकदा बोलून आलो हे तो गप्पांत विसरला होता. पहिल्यांदा तो गणपतच्या मागून बोलला. गणपत म्हणजे आमची नायिका. पोरगा नांगर धरायचा, पण आवाज असा की मधमाश्यांनी राहायला यावं. त्याच्या मागून गिरणीवाल्याला मिळाले पाच आणे. दुसऱ्यांदा तो एका सर्दी झालेल्या भालदाराच्या मागून बोलला. तेच वाक्य, तोच गळा, तेच पंच. मिळाले अकरा.

दौलतभाऊंना हे कळल्यावर ते दिवसभर जेवले नाहीत. "म्हंजे आमी कोनाले काय देऊन राह्यलो इतके दिवस?" असं विचारत ते खळ्यावर फेऱ्या घालत होते. पंचांनी एकमताने ठरवलं की ही गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही. ती वेणूबाईंच्या कानी त्याच सायंकाळी गेली, कारण प्रॉम्प्टरला गोष्टी पुढे सांगायची सवयच असते.

आणि मग आले साहेब.

साहेब म्हणजे शाळा तपासणारे. इस्त्रीचा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा आणि गाण्याची आवड. चालताना गुणगुणत, सही करताना गुणगुणत. आम्ही त्यांच्या स्वागताला गणपतलाच उभं केलं. त्याने स्वागतगीत असं म्हटलं की साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्याच्या पाठोपाठ वेणूबाई उठल्या आणि वर्गाला हिशेब घालू लागल्या.

साहेबांचा चेहरा मी पाहिला. लाडूत खडा लागल्यासारखा.

"बाई, हा आवाज कायमचा का?"

"हो. असाच राहील."

"मग अवघड आहे. मुलांच्या कानांवर दिवसभर हे... वर्ग दुसऱ्या कोणाकडे द्यावा लागेल. तुम्हाला चांद्याला कचेरीत बसून काम देता येईल. पगार तोच राहील, काळजी नको."

बाईंनी खडू खाली ठेवला. कचेरीत बसणं म्हणजे काय, हे त्या खोलीत मला आणि त्यांनाच ठाऊक होतं. वर्ग नसला तर त्यांना दुसरं काही नव्हतंच.

"साहेब, एकदाच ऐकून ठरवलंत?"

"आवाज ओळखायला एकदा पुरतं, बाई. माझा कान तयार आहे."

"मग तो पाठमोरा चालवा. आमच्या खळ्यावर या."

नाही म्हणायची साहेबांना सोय नव्हती, कारण दौलतभाऊ हात जोडून पुढे झाले. "साहेब, यंदा आवाज पाहाले तुमीच मुख्य पंच. असा कान आमाले कुठी भेटनार?" साहेब तिथल्या तिथे फुलले. पुढच्या पंधरवड्यात यायचं ठरलं, आणि बाईंचा निकालही तेव्हाच.

ते गेल्यावर दौलतभाऊ शाळेच्या ओट्यावर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, चिंता नाई. गणपतले मी शेवटी ढकलतो. तुमच्या पयले तो तमाखू खानारा मुनशी. त्याच्या मांगून गाढव बी गोड लागते."

"मी गाढवाच्या जागी का?"

"तसं नाई जी..."

"चोरीचे आणे नकोत मला. गणपत माझ्या आधी राहील."

"बाई, काऊन पायावर धोंडा पाडून घेता?" दौलतभाऊ कळवळून म्हणाले. "वर्ग जाईन ना."

"फसवून राहिला तर कितीदा फसवू?" बाई म्हणाल्या. श्वास घेतला. "एकच नियम वाढवा. आधी आणे सांगायचे. मग मजकूर सांगायचा."

"कोनता मजकूर?"

"बोलणारा काय बोलला, तो."

दौलतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

ठरल्या दिवशी सकाळी खळं गच्च भरलं. साहेब मधोमध, तणसाकडे तोंड करून, शेजारी दौलतभाऊ आणि आणखी दोन जुने पंच. तट्ट्याआड रांग. प्रत्येकाला बोलायचा मजकूर बाईंनी स्वतः दिला होता, घरातल्या-वावरातल्या साध्या सूचना. तंबाखूवाल्या मुनशीचं बोलून झालं, आठ आणे मिळाले, साहेबांनी मजकूर अर्धामुर्धा सांगितला. मग गणपत.

गणपतला बाईंनी दिलेलं वाक्य असं होतं: बकरी रांधणीत शिरली आहे, आधी दुधाचं मडकं उचला, मग मागचं दार लोटा. पण गणपत हाडाची नायिका. त्याने ती बकरी अशा आर्त सुरात रांधणीत नेली, 'दार लोटा'वर अशी हरकत घेतली, की मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्याला लावला.

"चौदा आणे," साहेब म्हणाले. "काय माधुर्य आहे."

त्याच्या मागून वेणूबाई. दौलतभाऊंनी डोळे घट्ट मिटले होते. तट्ट्याआडून तो फाटका, हवा सुटणारा आवाज सावकाश आला:

"जांभळीखालची वाट सोडा. नाल्याला पाणी आहे. बांध धरून या. लाल गायीला मारू नका. ती ओळखीची आहे."

"अकरा आणे," दौलतभाऊ लगेच म्हणाले. दुसरा पंच सहावर थांबला, तिसरा नवावर. साहेबांनी ओठ आवळले. ते लबाड नव्हते, हे मला त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. "चार आणे," ते म्हणाले. "घोगरा आहे. हवा फार सुटते. कानाला खरखरतो. मला खोटं सांगता येणार नाही."

"अन्याव हाय साहेब," दौलतभाऊ उसळले. "अकरा आन्यांचा आवाज हाय तो."

बाई तट्ट्याआडून बाहेर आल्या आणि साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "दौलतभाऊ, तुमचे कान सवयीचे झाले. साहेबांचे ताजे आहेत. चार आणेच बरोबर आहेत." मग थोडं थांबून, "आता मजकूर सांगा, साहेब. गणपतचा आधी."

साहेब सावरून बसले. "तो... विरहाचा होता. रात्रीची वेळ असावी. कोणीतरी दार लोटून गेलं."

"आणि बकरी?"

"बकरी?" साहेब म्हणाले. "बकरी होती?"

खळ्यावर जो हशा उठला तो गिरणीच्या वर गेला. गणपत तट्ट्याआडून तळमळून सांगत होता की बकरी होती, पहिल्याच शब्दात होती. बाईंनी हात वर केला. हशा थांबला.

"आता माझा सांगा."

साहेबांनी तोंड उघडलं आणि ते ओघात सांगत गेले. जांभळीखालची वाट. नाल्याला पाणी. बांध धरून या. "आणि लाल गायीला मारू नका, ती ओळखीची..." इथे ते थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. पलीकडे उभ्या असलेल्या बिजाभाऊने एकाएकी काठी वर केली, पाळीवर करायचा तशी.

"बाई, मला तो आवाज आवडला नाही," साहेब शेवटी म्हणाले.

"नकाच आवडू. पोरांना हिशेब येतात."

"चार आणे मी बदलणार नाही."

"बदलू नका."

साहेबांनी पाणी मागितलं, प्यायले आणि उठले. "वर्ग तुमच्याकडेच राहील," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि मास्तर, पुढच्या तपासणीला माझ्या कानात आधी स्वागतगीत घालू नका." एवढं बोलून ते बैलांच्या दमणीत बसले. जाताना गुणगुणत नव्हते.

पुढे त्यांनी बाईंसाठी कोणाबरोबर तरी ज्येष्ठमध पाठवलं. ते माझ्या खिशात आलं.

त्या दिवसाने मंडळात सुधारणा झाली असं कोणाला वाटलं तर तो त्यांचा चांगुलपणा. मजकुराचा नियम दोनच वर्षं टिकला, कारण त्या दोन वर्षांत एकही राजा पास होईना. नवे पैसे आले तेव्हा दौलतभाऊंनी उत्साहाने आवाजाचा भाव शंभरात मोजायचा ठराव केला. पहिल्याच आवाजाला एका पंचाने त्रेसष्ट दिले आणि दुसऱ्याने सदुसष्ट, आणि मधल्या चारांवरून दोघे दुपारपर्यंत भांडले. शेवटी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कानाला इतकी बारीक चिमूट नसते." तेव्हापासून बाजारात नवे पैसे आणि आमच्या खळ्यावर आणे असा कारभार चालला.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा वरोऱ्याला भावाकडे जायला निघाल्या. मी ब्रह्मपुरीच्या मोटार स्टँडपर्यंत सोबत गेलो. बाजाराचा दिवस. गाडी पोत्यांनी, कोंबड्यांनी आणि माणसांनी ठासून भरलेली. जो तो उभा, जो तो बोलतोय, आणि कंडक्टर दारात लोंबकळत बेंबीच्या देठापासून ओरडतोय, "मांगं सरका, बसून घ्या, गाडी हालत नाई." त्याचा गळा चांगला बारा आण्यांचा होता. कोणी हललं नाही.

बाईंनी हातातली ट्रंक मला धरायला दिली. पायरीवर चढल्या. गालातला हिरडा एका बाजूला सारला, श्वास घेतला.

"पाट्या खाली. बोट ओठावर."

आधी मागच्या बाकावरचा कलकलाट थांबला, मग मधला. पोती खाली आली, माणसं होती तिथे बसली, एका नव्या नवरीने बोट ओठावर नेलं आणि तिचा नवरा तिच्याकडे पाहतच राहिला. जे बाईंच्या वर्गात कधी बसले नव्हते ते इतरांना बघून बसले. कंडक्टरने टोपी काढली. बाई निवांत चालत गेल्या, खिडकीजवळ रिकाम्या झालेल्या जागेवर बसल्या आणि मला ट्रंक आत द्यायची खूण केली.

त्या शांततेत, पुढच्या बाकावर बसलेला, आमच्याच शाळेत शिकून खाकी वर्दीत गेलेला भल्या मिशांचा फॉरेस्ट गार्ड ताडकन उभा राहिला आणि शेजाऱ्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाला, "बाई, मी नाई जी, हा बोलून राह्यला होता."